माशांच्या हौदासाठी अस्तर लावलेली लाकडी गाळणपेटी

शिरूर घोड नदीच्या काठी व दौंड भीमेच्या काठी वसले असले, तरी या भागात पाऊस बेताचाच पडतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ भासते. अशा वेळी गप्पी, मोली यांसारखे शोभिवंत मासे पाळणाऱ्याने हौदाचे पाणी वरचेवर बदलणे परवडणारे नाही. न बदलावे तर मासे दगावतात. यावर उपाय म्हणजे तेच पाणी गाळून पुन्हा वापरणे होय. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आला. त्यामुळे ही माहिती गावोगावी उपयोगी पडावी.

पाणी का बिघडते? माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा आहे. उपकारक जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंना राहण्यास खडबडीत पृष्ठभाग व भरपूर हवा लागते. गाळणपेटीचे खरे काम हेच आहे.

पेटी. 300 लिटरच्या हौदास आतून 90 सें.मी. लांब, 40 सें.मी. रुंद व 40 सें.मी. उंच पेटी पुरते. 19 मि.मी. जाडीच्या प्लायवूडची किंवा वाळलेल्या फळ्यांची पेटी स्क्रूने जोडावी. पाण्याच्या दाबाने बाजू फुगू नयेत म्हणून बाहेरून दोन ठिकाणी लाकडी पट्ट्यांचा वेढा द्यावा. वाळवीपासून रक्षणासाठी पेटी विटांवर ठेवावी. विषारी औषध लाकडास लावू नये.

अस्तर. शेततळ्यासाठी वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद घ्यावा. आतील स्क्रूंची टोके घासून काढावीत व खाली प्लॅस्टिकचे जुने पोते अंथरावे. कागद न कापता कोपऱ्यांत पाकिटाप्रमाणे दुमडावा आणि काठावरून बाहेर वळवून केवळ बाहेरच्या बाजूस पट्टीने दाबावा. पाण्याच्या पातळीखाली एकही खिळा मारू नये.

गाळणी. पेटीच्या काठावर दोन मजबूत पट्ट्या आडव्या टाकून त्यांवर भाजीचा क्रेट ठेवावा. क्रेटच्या बाजू उरलेल्या कागदाने झाकाव्यात, म्हणजे पाणी तळातूनच गळेल. त्यात चांगल्या भाजलेल्या विटांचे धुतलेले तुकडे भरावेत व वर स्पंज ठेवावा. हौदाच्या सांडव्याच्या नळीतून पाणी स्पंजावर पडावे, विटांतून झिरपत पेटीत यावे आणि तेथून पंपाने पुन्हा हौदात जावे. यासाठी सांडवा क्रेटच्या काठाहून उंच हवा. म्हणून हौद कट्ट्यावर बांधावा किंवा ठेवावा. तासाला सुमारे 600 लिटर पाणी प्रत्यक्ष वर चढविणारा पंप पुरेसा होतो.

वीज गेल्यास. पंप थांबताच हौदातील पाणी परतीच्या नळीतून उलटे पेटीत येऊ लागते. 120 सें.मी. लांब व 60 सें.मी. रुंद हौदाची पातळी 3 सें.मी. उतरल्यास सुमारे 22 लिटर पाणी खाली येते. म्हणून नळीचे तोंड पाण्यात फार खोल बुडवू नये आणि पेटीत 25 सें.मी. पाणी ठेवून वरचा 15 सें.मी. भाग रिकामा सोडावा. त्या भागात 54 लिटर पाणी मावते. वीज अधिक काळ जाणार असल्यास हौदात बॅटरीवरील हवेचा पंप लावावा.

सुरुवात व निगा. जिवाणू वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे सोडावेत व खाद्य बेताने घालावे. गाळणी सुरू केल्याबरोबर हौद माशांनी भरल्यास सर्व श्रम वाया जाण्याचा संभव असतो. टी.सी.एल. पावडर टाकलेले नळाचे पाणी निदान एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. विटांचे तुकडे हौदातीलच पाण्यात खळबळून घ्यावेत. क्लोरिनच्या पाण्याने जिवाणू मरतात. वाफेने घटलेले पाणी रोज भरून काढावे, अन्यथा पंप कोरडा चालून जळतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे.

नायट्रेट मात्र पाण्यात साठतच राहते. म्हणून दर आठवड्यास 30 ते 60 लिटर पाणी काढून तितकेच ताजे पाणी घालावे. काढलेले पाणी परसातील वांगी, मिरची किंवा पालेभाजीस द्यावे. त्यातील नत्र पिकास लाभते, आणि उन्हाळ्यातही पाण्याचा थेंब वाया जात नाही.