पडवीत फुलणारी आमरी

मृग नक्षत्राच्या सरी कोसळू लागल्या की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जुन्या आंब्या-फणसांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे हातभर लांबीचे घोस लोंबताना दिसतात. ही 'सीतेची वेणी' होय. आसाम राज्याने याच फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला असून 'कपौ फूल' या नावाने ते तेथे ओळखले जाते. बिहूच्या उत्सवात तेथील स्त्रिया ते केसांत माळतात. आपल्याकडे मात्र या वनस्पतीची ओळख बहुधा 'झाडावरचे बांडगूळ' एवढीच असते. आंब्याच्या बागेची साफसफाई करताना बांडगुळावर पडणारा कोयता अनेकदा सीतेच्या वेणीवरही पडतो आणि पुष्कळ वर्षांची वाढ क्षणात जमिनीवर येते. दुसरीकडे, हौसेने विकत आणलेले ऑर्किडचे रोप मातीच्या कुंडीत लावले जाते व एका पावसाळ्यात कुजून जाते. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही; परंतु दोन्हींच्या मुळाशी या वनस्पतीच्या स्वभावाविषयीचे अज्ञान आहे. तो स्वभाव जाणून घेऊन मालवण किनाऱ्यावरील घरांत आमरी कशी जोपासावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आमरीचा स्वभाव

ऑर्किड कुळातील वनस्पतींना मराठीत 'आमरी' असे सुंदर नाव आहे. हे कुळ फार मोठे आहे. जगात त्याच्या सुमारे २८,००० जाती असून भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार आपल्या देशात १,२५६ जाती आढळतात. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जातींची नोंद असून त्यांपैकी पुष्कळ सह्याद्रीत व कोकणात आहेत. काही जाती जमिनीत वाढतात. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या सड्यांवर उमलणारी पांढरी हबेनारिया ही त्यांपैकीच होय. घरी जोपासल्या जाणाऱ्या बहुतेक आमरी मात्र झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या आहेत.

बांडगूळ आणि आमरी यांतील भेद प्रत्येक बागायतदाराने ध्यानात घेण्याजोगा आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या आत खुपसते आणि झाडाच्या तोंडचे पाणी व क्षार पळविते. त्यामुळे फांदी दुबळी होते व फळधारणेवर परिणाम होतो. आमरीची मुळे केवळ सालीला बिलगून असतात. ती झाडातून काहीही घेत नाहीत. पावसाचे पाणी, हवेतील ओलावा आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर तिचे भागते. शास्त्रीय परिभाषेत बांडगूळ ही परजीवी, तर आमरी ही अपिवनस्पती होय. ओळखण्याची खूण सोपी आहे. सालीवरून पसरलेली, दोरीसारखी जाड आणि पांढुरकी मुळे दिसली तर ती आमरी समजावी. बांडगुळाला लाकडी फांद्या असतात व ते फांदीतूनच उगवल्यासारखे दिसते. कोयता चालविण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुष्कळ आमरी वाचतील.

या पांढुरक्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडताच ते पाणी टिपून घेते आणि मूळ हिरवट दिसू लागते. वाळल्यावर ते पुन्हा पांढरे होते. ओले होणे आणि लवकर वाळणे हाच या मुळांचा जीवनक्रम आहे. मातीत पुरल्यास त्यांना हवा मिळत नाही व ती कुजतात. आमरी जोपासण्याचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

किनाऱ्याचे अनुकूल हवामान

आमरी म्हणजे थंड हवेच्या ठिकाणची, श्रीमंतांच्या काचघरात वाढणारी वनस्पती, असा एक समज रूढ आहे. काही जातींच्या बाबतीत तो खराही आहे. सिक्कीमसारख्या प्रदेशात फुलणारी मोठ्या फुलांची संकरित सिंबिडियम मालवणात लावून यश येणार नाही. परंतु डेंड्रोबियम, व्हांडा, मोकारा व ऑन्सिडियम या गटांतील संकरित जातींना उबदार व दमट हवाच मानवते. सिंगापूरसारख्या समुद्राने वेढलेल्या, उष्ण देशाचे राष्ट्रीय फूल 'व्हांडा मिस जोकिम' ही आमरीच आहे. हा संकर १८९३ साली प्रकाशात आला आणि १९८१ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा दर्जा मिळाला. मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारी तालुक्यांत कडाक्याची थंडी नाही व हवेत बाष्प भरपूर आहे. त्यामुळे या जातींना येथे काचघराची गरज नाही. घराची पडवी, खळ्यावरील मांडव किंवा परसातील माडांची विरळ सावली पुरेशी होते.

नवशिक्याने डेंड्रोबियमपासून आरंभ करावा. ते काटक असून वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलते आणि फुलांचा तुरा झाडावर महिना-दीड महिना टिकतो. फॅलेनॉप्सिस ही रुंद पानांची जात कमी उजेडात, खिडकीजवळही वाढते. डिसेंबर-जानेवारीतील थोड्या गार रात्री मिळाल्या की तिला फुलांचा दांडा येतो. म्हणून त्या दिवसांत ती घरात कोंडून ठेवू नये.

कुंडी आणि भरण

कुंडी मातीची, बाजूंनी भोके असलेली आणि रोपाच्या मानाने लहानच असावी. मोठ्या कुंडीत ओलावा साचून राहतो. तिच्यात माती मुळीच घालू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे ही तिन्ही साधने कोकणातील घरी सहज मिळतात. तळाशी विटांचे तुकडे, वर कोळसा व सोडण अशी भरण करावी. सोडण चार-पाच दिवस पाण्यात भिजत ठेवून ते पाणी दोन-तीन वेळा बदलावे. त्यामुळे त्यातील तुरट द्रव्य व खार निघून जातो. सोडण साधारणतः दोन वर्षांत कुजू लागते. तेव्हा भरण बदलावी. व्हांडासाठी सोडणही नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळशाचे थोडे तुकडे घालून ती टांगावी आणि मुळे मोकळी लोंबू द्यावीत.

पाणी, उजेड आणि खत

पाणी सकाळी द्यावे, म्हणजे सायंकाळपर्यंत पाने व मुळे वाळतात. उन्हाळ्यात रोज, थंडीत एक-दोन दिवसांआड पाणी पुरते. मुळांचा रंग हाच येथे उत्तम मार्गदर्शक आहे. मुळे पांढरी दिसली तर पाणी द्यावे, हिरवी असतील तर थांबावे.

किनाऱ्यावर एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते. खाडीलगतच्या व समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. माड ते सोसतो, आमरी सोसत नाही. तिच्या मुळांची टोके काळी पडतात व कुंडीवर पांढरट थर दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे पागोळीचे पाणी पिंपात साठवून, झाकून ठेवणे. दहा-बारा कुंड्यांना असे पाणी फार लागत नाही. समुद्राकडून येणारा खारा वारा अडविण्यासाठी पश्चिमेच्या बाजूस झापांचा आडोसा करावा.

फुले न येण्याचे सर्वांत सामान्य कारण अपुरा उजेड हे आहे. पाने गर्द हिरवी व लुळी असतील तर उजेड कमी पडतो आहे. पिवळट व भाजल्यासारखी असतील तर ऊन जास्त आहे. फिकट हिरवी, ताठ पाने हे योग्य उजेडाचे लक्षण समजावे. डेंड्रोबियमला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली असावी. पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी याकामी उपयोगी पडते.

खत थोडे पण नियमित द्यावे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा फवारावे. फवारणीपूर्वी मुळे साध्या पाण्याने भिजवावीत. शेणखत कुंडीत घालू नये. त्याने भरण गच्च होते.

पावसाळ्याचे चार महिने

किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यामुळे आमरीची खरी परीक्षा उन्हाळ्यात नसून जुलै-ऑगस्टमध्ये होते. आगोटीच्या कामांतच कुंड्या पागोळीखालून हलवून पत्र्याच्या किंवा पारदर्शक कापडाच्या छपराखाली टांगाव्यात. वारा खेळता राहील इतके अंतर दोन कुंड्यांत ठेवावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. कुजलेला भाग दिसताच स्वच्छ सुरीने कापून टाकावा व तेथे बुरशीनाशक लावावे. गोगलगायी कोवळी मुळे व कळ्या रात्री खातात. कंदील किंवा विजेरी घेऊन त्या वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे. पानांखाली खवले कीड आढळल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसून काढावी.

डेंड्रोबियमचे जुने, पाने गळलेले दांडे निरुपयोगी समजून तोडू नयेत. त्यांत अन्नाचा साठा असतो व कित्येकदा त्यांवरही फुले येतात. अशा दांड्यावर कधी कधी लहान रोप फुटते. त्याची मुळे दोन-तीन इंच लांब झाली की ते वेगळे करून लावावे.

रोप कोठून आणावे?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. आंबोलीसारख्या, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या घाटमाथ्यावरील रानात आमरी विपुल आढळते. फुलांच्या मोसमात ती पाहून घरी नेण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह टाळला पाहिजे. राखीव वनातून वनस्पती काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. संपूर्ण ऑर्किड कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. कायद्याइतकेच निसर्गाचे कारणही गंभीर आहे. आमरीच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पण धुळीसारख्या या बियांत अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे लाखांतून एखादीच बी रोप होते आणि त्या रोपाला फुलण्याइतके मोठे होण्यास वर्षे लागतात. रानातून उपटलेले रोप घरच्या कोरड्या हवेत बहुधा टिकत नाही. एका कुंडीच्या हौसेपायी रानाची अनेक वर्षांची पुंजी खर्ची पडते.

सुदैवाने आज याची आवश्यकताही उरलेली नाही. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर, बुरशीविना, बाटलीत बिया रुजविल्या. पुढे १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी ऊतिसंवर्धनाचा मार्ग दाखविला आणि आमरीची रोपे मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. रोपवाटिकांत मिळणारी डेंड्रोबियमची रोपे बहुतांशी अशीच तयार झालेली असतात. सिंधुदुर्गातील हौशी मंडळींना डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालय तसेच आपल्या तालुक्याचे कृषी कार्यालय येथे लागवडीविषयी चौकशी करता येईल.

स्थानिक आमरी घरी असावी असे वाटणाऱ्यांसाठीही एक निर्दोष मार्ग आहे. वादळात मोडलेल्या किंवा स्वतःच्या आवारातील तोडाव्या लागलेल्या झाडावर आमरी असेल तर ती सालीसह अलगद सोडवून घ्यावी. पावसाळ्याच्या आरंभी ती परसातील आंब्याच्या किंवा फणसाच्या खडबडीत सालीवर, पूर्वेच्या बाजूस, सुंभाने बांधावी. मुळांवर माती किंवा शेण थापू नये. एका पावसाळ्यात नवी मुळे साल धरतात आणि सुंभ आपोआप कुजून जातो. पुढे तिला कुंडीही लागत नाही व खतही लागत नाही. रस्ते व घरांच्या बांधकामांसाठी जुने वृक्ष तोडले जात असताना, अशा रीतीने परसातील एकेक झाड आमरीचा आश्रय बनू शकेल.

फुलांचा आनंद

कळ्या उमलू लागल्यावर कुंडी ओटीवर किंवा बैठकीच्या खोलीत आणण्यास हरकत नाही. मात्र पंख्याचा थेट वारा टाळावा. तुरा कापून ठेवल्यास दर दोन-तीन दिवसांनी देठाचे टोक तिरपे छाटावे व पाणी बदलावे. तो दोन आठवडे सहज टिकतो. कोकणातील घरांनी आणखी एक पथ्य पाळावे. ज्या खोलीत आंब्याची आढी घातली असेल तेथे ही फुले ठेवू नयेत. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो व त्यामुळे आमरीची फुले एक-दोन दिवसांतच मिटतात.

आमरी ही धीर शिकविणारी वनस्पती आहे. ऊतिसंवर्धनाचे लहान रोप आणल्यास पहिल्या फुलासाठी दीड-दोन वर्षे वाट पाहावी लागते. परंतु एकदा जम बसला की तीच कुंडी वर्षानुवर्षे घराची शोभा वाढविते आणि शेजाऱ्याला देण्यासाठी नवी रोपेही पुरविते. या वर्षी बागेतील बांडगुळे काढण्यासाठी माणूस झाडावर चढेल, तेव्हा बागायतदारांनी त्याला सालीवरची पांढरी मुळे आधी दाखवावीत. परसातील आंब्यावर सीतेची वेणी सुखरूप राहावी आणि पडवीत रोपवाटिकेतील डेंड्रोबियम फुलावे. सिंधुदुर्गाच्या घराघरांत ही दोन्ही सुखे नांदणे अवघड नाही.