तक्रार झाल्यानंतरचं कॉलेज

मी रहाटणीत राहते. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कॉलेजच्या अंतर्गत समितीवर संस्थेबाहेरची सदस्य आहे. एका शिक्षकाविरुद्ध मुलींनी लैंगिक छळाची तक्रार केली आणि कॉलेज ढवळून निघालं. चौकशीचा तपशील गोपनीय आहे. त्या काळात जे शिकले, ते सांगते.

१. आधी तिचं वर्ष वाचवा. तक्रार करणाऱ्या मुलीला पहिली धास्ती असते जर्नलवर सही कोण करणार आणि तोंडी परीक्षेला समोर कोण बसणार याची. 2013च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनुसार, चौकशी चालू असताना तिच्या अभ्यासावरची देखरेख आरोपीकडून काढून घेण्याची शिफारस समितीला करता येते. त्यासाठी तिचा लेखी अर्ज लागतो. तो लगेच लिहून घ्या.

२. मुदत सांगून ठेवा. ‘निकाल लागू दे, मग बोलू,’ असं म्हणत मुली थांबतात. समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. कारण पटलं तर आणखी तीन मिळतात. पोलिसांकडे जायला हे तीन महिन्यांचं बंधन नाही.

३. नाव फुटू देऊ नका. जळगावात 1994 मध्ये फोटोंचा धाक दाखवून मुलींचं शोषण झाल्याचं उघड झालं, तेव्हा बदनामीच्या भीतीने अनेकजणी पुढे आल्याच नाहीत. आता बदनामीला व्हॉट्सॲपची एक रात्र पुरते. जबाबाचे कागद कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडेही जाता कामा नयेत.

४. आईवडिलांना वेळ द्या. लातूर-बीडहून आलेली मुलगी इथे कॉट बेसिसवर राहते. बातमी कळताच वडील येतात ते सामान बांधायच्या तयारीनेच. “मॅडम, पोरीचं लग्न व्हायचंय.” त्यांना कायदा ऐकवून उपयोग नसतो. मी म्हणते, “दादा, चहा घ्या. परीक्षा तोंडावर आलीय, आधी तिला काय हवंय ते विचारू.”

५. वर्गाकडेही बघा. आरोप झालेले सर अनेकांचे लाडके असतात, त्यामुळे वर्ग दुभंगतो. सभागृहातल्या भाषणाने तो सांधत नाही. आठ-दहा जणांना घेऊन बसावं, बोलू द्यावं, पण प्रकरणाची चर्चा होऊ देऊ नये. झोप उडालेल्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यावा.

६. सुरक्षेच्या नावाखाली मुलींना कोंडू नका. गाजावाजा झाला की पहिला निर्णय होतो तो मुलींच्या वसतिगृहाचं दार सातला लावण्याचा. सुरक्षेचं कारण देऊन मुलींवर मुलांपेक्षा वेगळे निर्बंध लादू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015चे नियमच सांगतात. त्यापेक्षा केबिनच्या दारांना काच बसवा. लॅब उशिरा सुटते त्या दिवशी काळेवाडी फाट्यापर्यंत गाडी द्या.

७. शून्यावर खूश होऊ नका. वार्षिक अहवालात ‘तक्रारी : निरंक’ लिहिताना व्यवस्थापनाला हायसं वाटतं. त्या प्रकरणानंतर आमच्याकडे तक्रारी वाढल्या, तेव्हा बैठकीत चिंता व्यक्त झाली. मला मात्र वाटलं, मुलींचा समितीवर विश्वास बसायला लागला.