गॅसची आग : जवान आधी ज्वाला का विझवत नाहीत?
सिलिंडर पेटला की आपण ओरडतो, 'आग विझवा!' अग्निशमन दलाचे जवान मात्र आधी सिलिंडरवर पाणी मारून तो थंड ठेवतात. पोलाद तापले की कमजोर होते, आतला दाब वाढतो आणि सिलिंडर फुटतो. गॅस बंद होण्याआधीच ज्वाला विझली, तर न जळालेला गॅस साचतो व ठिणगी मिळताच भडका उडतो. म्हणून व्हॉल्व्ह बंद करणे हेच खरे विझवणे.

आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खाटेखाली, गटारात, शेजारच्या खोलीतही उतरतो. म्हणून जवान वाऱ्याकडे पाठ करून येतात आणि पाण्याच्या फवाऱ्याने गॅस पांगवतात.

वास आला तर आपण काय करावे? दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावू नये. चालू ते चालू, बंद ते बंद. वंदनेची मेणबत्ती-अगरबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. मुले, म्हातारी माणसे यांना घेऊन बाहेर पडावे, शेजाऱ्यांना सांगावे. फोन बाहेर जाऊनच करावा : गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१.

सिलिंडर पेटलेला असेल तर जवळ जाऊ नये. आणि आजच पाहू या, आपल्या गल्लीत बंब शिरायला वाट आहे का?