तुळस ठेवा, ताटली काढा

प्रश्न : आम्ही सिंगापूरला एचडीबीच्या फ्लॅटमध्ये राहतो. डास होतात म्हणून तुळस काढा, असं शेजारी म्हणतात. शिवाय इथे सरकारच डास सोडतं म्हणे! ओट्याखाली झुरळंही आहेत. काय करावं?

उत्तर : तुळस मुळीच काढू नका, कुंडीखालची ताटली काढा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या मादीला ताटलीतलं जरासं पाणीही पुरतं. आठवड्याभरात तिथून नवे डास उडतात. ताटली ठेवायचीच असेल तर पाणी नुसतं ओतून भागणार नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, कडेला बारीक काळी अंडी चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात. ताटली काथ्याने खसखसून घासाच. कुंडीतली माती दगडासारखी झाली असेल तर उकरा, नाहीतर वर पाणी साचतं. कपडे वाळत घालायच्या बांबूंच्या नळ्या रिकाम्या असतील तेव्हा झाकून ठेवा.

सोडलेल्या डासांना घाबरू नका. राष्ट्रीय पर्यावरण संस्था २०१६ पासून वोल्बाकिया जिवाणू असलेले नर सोडते आहे. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी मीलन झालेल्या स्थानिक एडिस माद्यांची अंडी उबत नाहीत. चावायला आलेला डास मात्र खुशाल मारा.

झुरळांसाठी फटींत जेलचे बारीक ठिपके लावा. त्यावर फवारा मारू नका, झुरळं जेलला तोंड लावणार नाहीत.