फॉर्च्युनर घेऊ का सर? डिझेल की पेट्रोल, हा प्रश्न दुसरा आहे

गेल्या रविवारच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून गाडीचा पूर्ण हिशोब इथे लिहून देतोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल. वही-पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर मात्र जवळ ठेवा.

सुरुवात एका फोनपासून. मूल तालुक्यातला आपल्या बॅचचा एक मुलगा. ताडोब्याच्या पर्यटकांसाठी गाडी लावायची म्हणतो. म्हणाला, "सर, आता लोकं इनोव्हात बसाले तयार नाहीत. मोठ्या रिसॉर्टवाल्याले फॉर्च्युनरच पायजे. दीड एकर धानाची शेती विकतो, बाकी लोन. फक्त एवढं सांगा, डिझेल घेऊ का पेट्रोल?"

मी विचारलं, "महिन्याला किती किलोमीटर चालेल?"

"चालनच ना सर, सीझनमधे लय चालते."

"लय म्हणजे किती?"

इथे फोनवर शांतता. आजचा लेख या शांततेवर आहे.

आधी इंधन, कारण प्रश्न तोच होता

फॉर्च्युनर भारतात २००९ पासून आहे. डिझेलमध्ये २.८ लिटरचं इंजिन, पेट्रोलमध्ये २.७ लिटरचं. टाकी ८० लिटरची. भरलेल्या गाडीला, एसी चालू ठेवून, आपल्या रस्त्यांवर डिझेल ११ आणि पेट्रोल ८ चं ॲव्हरेज धरू. हिशोबापुरता डिझेलचा भाव ९३ आणि पेट्रोलचा १०५ घेतो. तुमच्या पंपावरचा आजचा भाव टाकून आकडे बदलून घ्या.

डिझेल: ९३ भागिले ११, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये ४५ पैसे. पेट्रोल: १०५ भागिले ८, म्हणजे १३ रुपये १२ पैसे. फरक साधारण ४ रुपये ६७ पैसे. समजा डिझेल गाडी टॅक्ससकट साडेतीन लाखांनी महाग पडली. (महाराष्ट्रात खाजगी नोंदणीत २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३% रोड टॅक्स आणि डिझेलला १५%. कंपनीच्या नावावर घेतली तर सरळ २०%. हे कागद करायच्या आधी विचारा, नंतर नाही.) साडेतीन लाख भागिले ४.६७ केलं की ७५,००० किमी येतात. तेवढं चालल्यावर डिझेलचे जास्तीचे पैसे वसूल. वर्षाला १२,००० किमी चालवणाऱ्या माणसाला सहा वर्षं लागतील, आणि ४०,००० चालवणाऱ्याला दोन वर्षंही नाही.

म्हणजे धंद्याच्या गाडीला डिझेल, विषय संपला? नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणून एक जाळी असते. धुरातली काजळी ती अडवते. भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, पण त्यासाठी आतला धूर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. तेवढा तो मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका चालीने गाडी पळाली तरच तापतो. नागपूर-चंद्रपूर रोडला हे सहज होतं. आता दुसरी ड्युटी बघा: रिसॉर्टपासून मोहर्ली गेटपर्यंत चार-पाच किलोमीटर, पाहुणे उतरले, गाडी उभी. सफारी चार तासांची. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ च्या वर जातो, तेव्हा ड्रायव्हर बिचारा एसी लावून गाडीतच झोपतो. इंजिन नुसतं गुरगुरत राहतं, तासाला लिटरच्या आसपास डिझेल पितं आणि जाळी मात्र भरत जाते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप पडतो. काजळी जाळण्यासाठी जादा फवारलेलं डिझेल कधीकधी इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून सांगतो, डीपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नका, ताबडतोब वर्कशॉप गाठा.

काही डिझेल गाड्यांना वरून डीईएफही लागतं, युरियाचं द्रावण. ते संपलं आणि गाडी बंद केली, की परत सुरू होत नाही. आलापल्लीच्या पुढे भामरागड किंवा सिरोंचाकडे जाणार असाल तर एक सीलबंद डबा डिक्कीत हवाच. मोकळ्या डब्यातलं, उन्हात ठेवलेलं डीईएफ टाकू नका. चुकून डिझेलच्या टाकीत तर नकोच नको.

तिसरा पर्याय हायब्रिड. इनोव्हा हायक्रॉसचं उदाहरण घ्या. २ लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर, ५२ लिटरची टाकी. कंपनी २३ च्या वर ॲव्हरेज सांगते, मी धंद्याच्या हिशोबाला १६ धरतो. १०५ भागिले १६, म्हणजे ६ रुपये ५६ पैसे. बघा, पेट्रोल असून फॉर्च्युनरच्या डिझेलपेक्षा स्वस्त! आणि गेटवर उभी असताना एसी बॅटरीवर चालतो, इंजिन मधूनमधून थोडा वेळ सुरू होऊन बंद होतं. डीपीएफची कटकट नाही. पण ही गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि लॅडर फ्रेमवर नाही. एटापल्लीकडचा खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता रोज तुडवायचा असेल तर ती तुमची गाडी नाही. नागपूर विमानतळ ते ताडोबा यासाठी मात्र ती झकास आहे.

पेट्रोलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २०% इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर भाग बंद असतो. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा फिरवा.

भरवसा म्हणजे काय?

लोकांना वाटतं, भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी. अशी गाडी कुठे मिळाली तर मलाही सांगा. धंद्यात भरवसा म्हणजे बिघडल्यावर किती दिवसांत परत रस्त्यावर येते.

याचं उत्तम उदाहरण ताडोब्यातच आहे. तिथे वर्षानुवर्षं मारुती जिप्सी चालली. १९८५ ची ही गाडी. साधं पेट्रोल इंजिन, पत्र्याच्या पट्ट्यांचं सस्पेन्शन, आरामाच्या नावाने बोंब. पण पार्ट स्वस्त, गावचा मिस्त्री झाडाखाली उघडून दुरुस्त करणार आणि संध्याकाळच्या सफारीला गाडी हजर. कंपनीने ती बनवणं थांबवलं तरी लोकांनी जपून चालवली, ती उगाच नाही. आणि गंमत बघा, जंगलात पाहुणा जातो तो सफारीसाठी नोंदलेल्या उघड्या गाडीतूनच. तुमची ४५ लाखांची गाडी गेटच्या बाहेर उभी!

फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा एकाच घराण्यातल्या, इंजिनंही एकाच मालिकेतली: एकात २.८, दुसऱ्यात २.४. म्हणून क्रिस्टावर हात बसलेला मिस्त्री फॉर्च्युनरला घाबरत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. याउलट मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, लँड रोव्हरसारखी गाडी कुणी जुनी स्वस्तात देतो म्हणाला, तर तिच्या एअर सस्पेन्शनचा एक फुगा फाटला की गडचिरोलीहून ती ट्रकवर टाकून नागपूर किंवा त्याहून पुढे न्यावी लागेल हे लक्षात घ्या. पार्ट यायला पंधरा दिवस लागले तर पंधरा दिवस हप्ता मात्र चालूच.

पावसाळ्याचंही सांगतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. तरी "मोठी गाडी आहे, निघून जाईल" म्हणून ड्रायव्हर पाण्यात घालतो. इंजिनने पाणी ओढलं तर रॉड वाकतो आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. आणि पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला तर क्लेम अडकतो. पिवळी प्लेट आणि टुरिस्ट परमिट यात वाचवलेले पैसे हे वाचवलेले पैसे नव्हेत.

आता ती शांतता

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी परत फोन लावला आणि हे आकडे लिहायला सांगितले. तुम्हीही लिहा.

गाडी ऑन-रोड ४५ लाख. शेतीचे १० लाख भरले, ३५ लाख लोन. १०% व्याज, पाच वर्षं. हप्ता ७४,३६५ रुपये. ड्रायव्हर १८,०००. विमा, परमिट, फिटनेस मिळून महिन्याला १२,५०० धरले. एकूण साधारण १,०५,०००. गाडी एक किलोमीटरही न हलता हे द्यायचेच.

चालली तर डिझेल ८.४५. टायर, सर्व्हिस मिळून किमीला ३ रुपये धरा. तिचा १८ इंची टायरचा सेट स्वस्त नाही आणि आपल्या रस्त्यांवर साइडवॉल कापली जाते. म्हणजे चालती किंमत साडेअकरा रुपये.

महिन्याला १,५०० किमी चालली, तर पक्का खर्चच किमीला ७० रुपये पडतो. वर साडेअकरा. साडेएक्क्याऐंशी रुपये! पेट्रोल-डिझेलच्या ज्या पावणेपाच रुपयांसाठी आपण चहाच्या टपरीवर तासभर भांडतो, ते या ७० पुढे काय आहेत?

गिऱ्हाईक किमीला ३५ देतं असं समजू. साडेअकरा गेले, हातात साडेतेवीस. १,०५,००० भागिले २३.५ केलं की जवळपास ४,४७० किमी. महिन्याला एवढं चाललं तर नफा शून्य, तोटा शून्य. वर्षाचे झाले ५३,६०० किमी. पावसाळ्याचे तीन महिने जवळपास कोरडे धरा, कारण बफरमध्ये थोडं काम मिळतं पण त्यावर हप्ता निघत नाही. मग उरलेल्या नऊ महिन्यांत दर महिना सहा हजाराला टेकतं. नागपूर-मोहर्ली-नागपूर साधारण ३०० किमी. म्हणजे महिन्याला २० फेऱ्या, त्याही दोन्ही बाजूंनी पैसे मिळालेल्या. परतीची रिकामी फेरी आली की गणित कोसळलं.

"आणि इनोव्हा घेतली तं?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. क्रिस्टा २४ लाखांना धरली, १७ लाख लोन. हप्ता ३६,१२०. ड्रायव्हर, विमा धरून पक्का खर्च ६१,००० च्या घरात. चालती किंमत साडेनऊ, भाडं २२. बरोबरीला यायला ४,८८० किमी.

बघा, इनोव्हालाही कमी किलोमीटर पुरत नाहीत, उलट जास्तच लागतात! मी इथे खोटं सांगून तुम्हाला स्वस्त गाडीकडे ढकलणार नाही. फरक दोन ठिकाणी आहे. २२ रुपयांचं गिऱ्हाईक रोज मिळतं: लग्न, दवाखाना, नागपूरचं विमान, हेमलकसा बघायला आलेलं कुटुंब, बँकेचा साहेब. ३५ वालं शोधावं लागतं. आणि गाडी उभी राहिली तर महिन्याला ६१,००० जातात, १,०५,००० नाही. ६१,००० चा खड्डा वर्षभर कसाबसा भरता येतो. लाखाच्या खड्ड्यात मात्र उरलेली शेतीही जाते.

टॅक्सचं थोडक्यात: भाड्याने चालणाऱ्या गाडीवर आयकरात ३०% घसारा मिळतो, स्वतःच्या वापराच्या गाडीवर १५%. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४०% जीएसटी आहे, म्हणजे शोरूम किमतीतले १०० पैकी जवळपास २९ रुपये टॅक्सचे. प्रवासी वाहतुकीच्या धंद्यात त्याचं क्रेडिट मिळू शकतं, पण त्यासाठी गिऱ्हाइकाला १८% चं बिल द्यावं लागतं. ५% च्या पर्यायात गाडीचं क्रेडिट नाही. डिझेल-पेट्रोल जीएसटीबाहेर आहे, त्याचं क्रेडिट कुठेच नाही. सीएकडे हे दोन्ही पर्याय मांडून घ्या.

त्या मुलाने अजून शेती विकलेली नाही. सध्या त्याने दोन रिसॉर्टशी बोलून ठेवलंय: पाहुण्याने मोठी गाडी मागितली की चंद्रपूरच्या एका गाडीमालकाची गाडी तो लावून देतो, फेरीमागे कमिशन घेतो. आणि एक वही केलीय. तारीख, कुठून कुठे, किती किमी, रिकामी किती, भाडं किती, आणि शेवटच्या रकान्यात "गिऱ्हाइकाने कोणती गाडी मागितली". पहिल्या महिन्यात मोठ्या गाडीच्या सात फेऱ्या झाल्या. त्याला वीस हव्या होत्या.

"सर, डिसेंबर येऊ द्या, मग बघू," म्हणाला.

तुम्ही गाडी घ्यायच्या विचारात असाल तर असेच सहा रकाने आखा. नाताळच्या सुट्ट्या संपेपर्यंत भरा आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारच्या लाइव्हला ती वही घेऊन बसा. तुमच्याच आकड्यांवर डिझेल, पेट्रोल की हायब्रिड ते आपण तिथे सोडवू.