गाणं कोणतं, अन् का?

गाणे आवडत नाही असा माणूस विरळा. कोणी भजनात रमतो, कोणी लावणीत. कोणी उसाला पाणी पाजताना फोनवर सिनेमाचे गाणे लावतो. पण "हेच गाणं का?" असे विचारले, तर पुष्कळ जण नुसते हसतात. "आवडतं, म्हणून ऐकतो," एवढेच म्हणतात.

या धड्यात आपण त्या 'का'चा विचार करू. त्यासाठी सांगली जिल्ह्यातील कुंडल गाव आणि त्याच्या शेजारचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवू. या मुलखात गाण्याने मोठी कामे केली आहेत.

कामाची गाणी

जुन्या काळी कामाला गाणे जोडलेले असे. पहाटे बाया जात्यावर बसत. दोघी समोरासमोर, खुंटा एक. दगड जड आणि दळण पुष्कळ. ओवी सुरू झाली की दोघींचे हात एका लयीत फिरत. काम हलके होई. ओवीचा आणखी एक उपयोग होता. जे सासूला सांगता येत नसे, नवऱ्याशी बोलता येत नसे, ते बाई जात्याला सांगे. मन मोकळे होई.

विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून पुढे गेले की भरलेली मोट वर येई. मोटकरी गाणे म्हणे. त्याच्या आवाजाची बैलांना सवय झालेली असे. रात्रीची मोट असली, तर गाण्यामुळे डोळा लागत नसे.

पुढे पिठाची गिरणी आली. विहिरीवर इंजिन बसले, मग विजेचा पंप आला. कष्ट वाचले. हे चांगलेच झाले. जाते पुन्हा फिरवा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण जाते थांबले, तशी ओवीही थांबली. मोट गेली, तसे मोटेवरचे गाणेही गेले. ज्यांना ती गाणी येत होती, त्यांना फारसे कोणी विचारले नाही.

पोवाडा ऐकून माणसे उठली

इंग्रजांचे राज्य होते तेव्हा 1943 ते 1946 या काळात सातारा भागात प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे पुढारी होते. कुंडल हे त्या सरकारचे मोठे ठाणे. कुंडलचे जी. डी. बापू लाड हे तुफान सेनेचे एक प्रमुख होते.

त्या वेळी खेड्यात वाचता येणारी माणसे थोडी होती. मग लोकांपर्यंत विचार पोचायचा कसा? तो पोवाड्यातून पोचला. शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्या शाहिरांनी डफ हाती घेतला. लोक रात्री जमत, पोवाडा ऐकत. का ऐकत? पोवाड्यात त्यांना आपली हकिकत मिळे. ऐकता ऐकता भीती कमी होई. शेजारी बसलेला माणूसही तेच ऐकतो आहे, हे दिसे. आपण एकटे नाही, हे कळे.

कुंडलच्या शाळेतला मुलगा

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. संस्थानातल्या एका कारकुनाचा मुलगा कुंडलच्या शाळेत शिकला. तो मुलगा म्हणजे ग. दि. माडगूळकर. त्यांना लोक गदिमा म्हणतात. त्यांचा जन्म 1919 सालचा. घरची गरिबी होती. पुढे त्यांनी सिनेमासाठी शेकडो गाणी लिहिली.

त्यांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 रोजी सुरू झाले. चाली सुधीर फडके यांच्या. दर आठवड्याला एक नवे गाणे. अशी 56 गाणी झाली. तेव्हा रेडिओ घरोघर नव्हता. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या घरी शेजारपाजारची माणसे जमत. कोणी रेडिओला हारही घालत. गाणे संपले की त्यावर बोलणे होई. एकाला शब्द आवडे, दुसऱ्याला चाल आवडे. तिसऱ्याला आपले घर आठवे. असे एकच गाणे दहा जण दहा कारणांनी ऐकत, आणि ती कारणे एकमेकांना कळत.

आता कानात तार

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. हवे ते गाणे हव्या त्या वेळी ऐकता येते. ही सोय मोठी आहे. पण एकाच घरात चार माणसे चार गाणी ऐकतात. प्रत्येकाच्या कानात तार. आजोबा काय ऐकतात ते नातवाला ठाऊक नाही. नातू काय ऐकतो ते आजोबांना ठाऊक नाही. आजोबा म्हणतात, "हा नुसता गोंगाट!" नातू म्हणतो, "तुमचं भजन रडकं!" दोघांनीही एकमेकांना 'का' विचारलेले नसते.

विचारले, तर काय होते? समजा, एक सून सासूजवळ बसली आहे. सासू शेंगा फोडताना काही गुणगुणते आहे.

"आत्याबाई, ही ओवी कुणाची वो?"

"माझ्या आईची गं. नवी नवी सासरी आले तवा माहेरची लई याद यायची. दळताना ही म्हटली की आई जवळ बसल्यावानी वाटायचं."

"मग मलाबी शिकवा की."

सुनेला एक ओवी मिळाली. ओवीबरोबर सासूचे मनही कळले. सासूही एकदा नवी सून होती, हे तिला उमगले. नुसते गाणे ऐकून एवढे कळले नसते.

गाणे कागदावर

कुंडलच्या शेजारी पलूस गाव आहे. या गावावरून एका घराण्याला पलुसकर हे आडनाव मिळाले. त्या घराण्यात 1872 साली कुरुंदवाड येथे विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. नजर अधू झाली. मग ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकले.

त्या काळी गाण्याची विद्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाई. पुष्कळ गवई ती लपवून ठेवीत. गवई गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाई. विष्णुबुवांनी ही वाट बदलली. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. कोणाच्याही मुलाला तिथे गाणे शिकता यावे, हा त्यांचा हेतू. सूर लिहिता यावेत म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या आणि पुस्तके छापली. ज्यांची नजर अधू होती, त्यांनीच गाणे कागदावर आणण्यासाठी आयुष्य वेचले.

बायांच्या ओव्याही लोकांनी अशाच जपल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या सांगणाऱ्या कितीतरी बायांना लिहिता येत नव्हते.

तुम्हांला आता लिहिता येते. म्हणून हे काम तुमच्या हातचे आहे.

एवढे करा

एक वही घ्या. घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसा. त्यांना चार गोष्टी विचारा आणि लिहून घ्या.

1. गाणे कोणते?
2. ते कोणाकडून ऐकले?
3. ते केव्हा म्हणत? कोणते काम करताना?
4. ते का आवडते?

चौथा प्रश्न सोडू नका. "चांगलं आहे," एवढ्यावर थांबू नका. शब्द चांगला की चाल चांगली? कोणाची आठवण येते? मनाला धीर येतो की पाय थिरकतात? सांगणारा म्हणेल तसेच लिहा. त्याची बोली बदलू नका. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.

मग तुमचे आवडते गाणे त्यांना ऐकवा आणि ते का आवडते तेही सांगा. त्यांना गाणे आवडले नाही तरी रागावू नका. तुमच्या मनात काय आहे, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले.

पोरांनाही विचारा. फोनवर कोणाला गाणे पाठवाल, तर सोबत एक ओळ लिहा : "हे मी का ऐकतो."

हे काम उद्यावर टाकू नका. फोनमधले गाणे पुसले तर पुन्हा मिळते. आजीच्या गळ्यातले गाणे एकदाच मिळते. ती आहे तोवर विचारा.

सांगा पाहू

1. जात्यावर ओव्या का म्हणत? दोन कारणे सांगा.
2. प्रतिसरकारच्या काळात लोक पोवाडे का ऐकत?
3. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी सूर लिहिण्याच्या खुणा का ठरवल्या?
4. तुम्ही काल कोणते गाणे ऐकले? ते का ऐकले? पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.