आगोटीआधीचं पत्र

रत्नागिरी,
५ मे

चि. मुक्ता,


परवा फोनवर विचारलंस, पेस्ट कंट्रोलवाला वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घ्या म्हणतोय, घेऊ का? मी तेव्हा ‘बघू’ म्हणून विषय टाळला, कारण इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या होत्या. आता सावकाश लिहिते. कॉन्ट्रॅक्ट आत्ता घेऊ नकोस. दापोलीतलं तुझं भाड्याचं घर कौलारू, जोतं मातीचं, मागे आंब्याफणसाची गर्द सावली. अशा घरात महिन्याकाठी एक माणूस येणार, कोपऱ्याकोपऱ्यात फवारून सही घेऊन जाणार, आणि पाऊस पडला की पुन्हा सगळं होतं तिथे. किडा डोळ्यांना दिसतो तेव्हा त्याची राहण्याखाण्याची सोय आपण महिनाभर आधीच करून ठेवलेली असते. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवूनही हे मला कळलं ते माझ्याच मूर्खपणातून.

आमच्या मागच्या दाराची निळी चौकट तुला आठवत असेल. एका आगोटीला मी जळाऊ लाकडं आणि जुन्या फळ्या पागोळ्यांत भिजू नयेत म्हणून त्याच भिंतीला टेकवून रचल्या. गणपतीआधी रंगारी आला. त्याने चौकट खरवडायला पत्री लावली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरचा ऑइलपेंट शाबूत, ओरखडासुद्धा नाही. आत नुसती माती आणि त्या मातीत पांढुरक्या किड्यांची धावपळ. रंगारी माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘बाई, आता रंग कशाला लावू?’’

वाळवीला ओल हवी, अंधार हवा आणि जमिनीतून लाकडापर्यंत झाकलेली वाट हवी. मी तिला तिन्ही दिली होती. म्हणून या आठवड्यात लाकडं, खोके, रद्दी, जे काही भिंतीला टेकलं असेल ते हातभर लांब सरकव आणि खाली विटा घाल. जोत्याभोवती बॅटरी घेऊन एक चक्कर मार. पेन्सिलीएवढी मातीची नळी भिंतीवर चढताना दिसली, तर ती सगळी झाडून टाकू नकोस. मधला बोटभर तुकडा मोड आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा बघ. तुकडा लिंपून घेतलेला दिसला, तर आत वस्ती जागती आहे. तेव्हा मात्र माणूस बोलावायचा, आणि त्याने भिंतीवर वरवर फवारून चालणार नाही. जोत्यालगत भोकं पाडून औषध जमिनीत सोडायला हवं. आणि तो खर्च घरमालकाचा, तुझा नव्हे. लाजू नकोस मागायला.

पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्यावर पाखरं येतील आणि सकाळी फरशीवर नुसते पंख पडलेले असतील. ती पंख फुटलेली वाळवीच, नवी वस्ती वसवायला निघालेली. बाहेरून आली असतील तर दिवा घालव, खिडकी लाव, संपलं. पण घरातल्याच भिंतीच्या फटीतून बाहेर पडताना दिसली, तर वर सांगितल्यासारखा माणूस तातडीने बोलाव. त्याच दिवसांत अंगणात लाल मखमलीचा मृगाचा किडा दिसेल. त्याला मारू नकोस, तो आपलं काही खात नाही.

डासांचं तुला वाटतं की ते गटारातून येतात. डेंग्यूचा डास मात्र तुझ्या स्वच्छ पाण्यातला. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. तो अंडी घालतो ती पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. पाणी ओतून दिलंस तरी अंडी तिथेच राहतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. भांडं पुन्हा भरलं की अळ्या तयार. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, काथ्याने आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा एक वार नेमला की ती साखळी तुटते. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतं ते यासाठी. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, पन्हळीत अडकलेला पाला, माडाखाली पडलेल्या करवंट्या, हे सगळं त्याच दिवशी बघायचं. विहिरीत गप्पी मासे सोड. धुरीचं म्हणशील तर डास तेवढ्यापुरता दूर जातो आणि आपण खोकत बसतो. मी सोडून दिली.

आता धान्य. तू लिहिलंस की डबा घट्ट होता, तरी तांदळात टोके झाले. बरोबर आहे, ते डब्यात शिरलेच नाहीत, तांदळाबरोबर आले. मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बंद करते. अळी दाणा आतून खाते आणि महिनाभराने टोका होऊन, सोंड घेऊन बाहेर पडते. कडधान्याच्या भुंग्याची अंडी दाण्याच्या सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. चष्मा लावून बघ, दिसतील. मे महिन्यातलं ऊन यासाठीच आहे. डाळी, वाल, कुळीथ कडक उन्हात पातळ पसर. तांदूळ मात्र उन्हात घालू नकोस, तो तडकतो आणि नुसती कणी होते. त्याला पडवीत सावलीचा वारा पुरे. उन्हातलं धान्य मग निवू दे आणि निवल्यावरच भर, नाहीतर डब्याच्या झाकणाला घाम येतो. डाळीला आणि तांदळाला एरंडेलाचा हात लाव, वालाला राख. तेलाच्या पातळ लेपाने अंडी उबत नाहीत, ही आजीची रीत शास्त्रालाही पटणारी आहे. जुन्या तांदळावर नवा ओतण्याचा आळस मीही केलाय, आणि पंधरा किलो तांदूळ कोंबड्यांनी खाल्ला. थोडाच रवा-मैदा असेल, तर तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तरी काम होतं.

एक गोष्ट मात्र रागावून सांगते. बाजारात पाऱ्याच्या गोळ्या देतील, त्या धान्यात टाकायच्या नाहीत. पारा खायच्या वस्तूजवळ नकोच. आणि कुणी कोठारातल्या गॅसच्या गोळ्या ‘दोनच टाका, वर्षभर बघायला नको’ म्हणून देऊ लागला, तर त्याला दारातूनच परत पाठव. अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं ते. हवेतला दमटपणा लागला की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि त्याने झोपेत माणसं दगावली आहेत.

झुरळांबद्दल फार लिहीत नाही. ती अन्नावाचून बरेच दिवस काढतात, पाण्यावाचून काढू शकत नाहीत. रात्री ओटा आणि मोरी कोरडी करून झोप, पुठ्ठ्याचे खोके घरात साठवू नकोस, आणि बोरिक पावडर, साखर व कणीक यांच्या गोळ्या गॅसच्या आणि फ्रिजच्या मागे ठेव. शेजारचं रांगतं पोर तुझ्याकडे येतं म्हणालीस ना? मग गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी. कापूर, लवंगा, तमालपत्र यांनी घराला वास छान येतो, झुरळं जात नाहीत.

भातकापणी झाली की दसरा-दिवाळीच्या सुमाराला शेतातले उंदीर घराकडे वळतात. उंदराच्या पिल्लाला पेन जाईल एवढं भोक पुरतं. म्हणून नवरात्रातल्या साफसफाईत पाइपांभोवतीची भोकं, दाराखालची फट, कौलं आणि भिंत यांच्यामधली जागा बघायची. जाळी कोंबून वर सिमेंट. विष घालू नकोस, उंदीर माळ्यावर जाऊन मरतो आणि आठवडाभर घरात बसवत नाही. पिंजरा लाव. उंदीर असला की त्याच्यामागून साप येतो, आणि कोकणात फुरसं किंवा मण्यार म्हणजे चेष्टा नव्हे. पावसात पायाला चीर असेल तर साठलेल्या पाण्यात उतरू नकोस. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. ताप आला की अंगावर न काढता डॉक्टरकडे जाऊन ‘पाण्यात चालले होते’ हे आवर्जून सांग.

विंचूसुद्धा लाकडांत आणि कौलांच्या ढिगातच असतो. चपला झटकून घाल, अंथरूण झाडून घाल. लाल विंचू चावला तर मांत्रिक नाही, मंत्र नाही, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रक्तदाबाचं प्राझोसीन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. त्याआधी कोकणात या दंशाने जाणारी पोरं माझ्या पिढीने पाहिली आहेत.

थंडीत काम हलकं. पावसाने दमटलेली पुस्तकं आणि रेशमी साड्या दिवाळीनंतर काढून वाऱ्यावर ठेव. कसर खळीवर आणि डिंकावर जगते, तेव्हा खळ घातलेली साडी तशीच घडी घालून ठेवायची नाही, धुऊन ठेवायची. वेखंडाचा तुकडा टाकलास तर टाक, पण तो न धुतलेल्या साडीला वाचवणार नाही.

एवढं सगळं वर्षभर करूनही काही उरलं, तर पुढच्या मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टचं बोलू. तूर्त दापोलीत पाऊस पोचायच्या आत मागची लाकडं भिंतीपासून हलव आणि त्यांचा फोटो पाठव. नुसतं ‘हो आत्या’ नको.

वालाची पिशवी एस.टी.च्या पार्सलने पाठवली आहे. राख लावलेली आहे, धुऊन मग भिजत घाल.

तुझी,
माई आत्या